पंधरा मिनिटांचा सल्ला, पाच महिन्यांची बाग

डिसेंबरात अवकाळी पाऊस झाला की त्या रात्री निफाड तालुक्यात द्राक्ष सल्लागाराचा फोन लागत नाही. त्याच्याकडे चाळीस बागायतदार असतील, तर चाळीसही जण एकाच वेळी त्याला फोन लावत असतात. पानाच्या खालच्या बाजूला पांढरी बुरशी दिसली म्हणजे डाऊनी आली. ती घडावर उतरली, तर वर्षाचं पीक गेलं. अशाच एका रात्री साडेनऊ वाजता माझ्या धाकट्या भावाने एका ॲपवर ३९९ रुपये भरले आणि एका द्राक्षतज्ज्ञाची पंधरा मिनिटं विकत घेतली.

मी तेव्हा माहेरी होते. बॅटरी धरायचं काम माझ्याकडे होतं. समोरचा माणूस शांत होता. ‘दादा, घाबरू नका, अजून हातात आहे’ म्हणाला. पान उलटं करायला लावलं, कॅमेरा जवळ न्यायला सांगितला, एका आंतरप्रवाही बुरशीनाशकाचं नाव आणि प्रमाण सांगितलं. बाराव्या मिनिटाला बोलणं संपलं. लगेच पडद्यावर प्रश्न आला : ‘तज्ज्ञांशी बोलून कसं वाटलं?’ खाली पाच तारे. तारे दिल्याशिवाय ती खिडकी बंदच होत नव्हती. भावाने पाचव्या ताऱ्यावर बोट ठेवलं आणि तो ट्रॅक्टरला ब्लोअर जोडायला गेला.

त्या बारा मिनिटांत त्या तज्ज्ञाने तीन गोष्टी विचारल्या नाहीत. छाटणी कोणत्या तारखेची? माल एक्स्पोर्टला जाणार की लोकलला? आणि गेल्या पंधरा दिवसांत काय काय मारलंय? बाग ८ ऑक्टोबरच्या छाटणीची होती, एक्स्पोर्टसाठी नोंदवलेली होती आणि १० फेब्रुवारीच्या आसपास तोडा धरलेला होता. सांगितलेल्या औषधाचा काढणीपूर्व कालावधी, म्हणजे फवारणी आणि तोडा यांच्यात सोडायचे दिवस, साठच्या वर. आमच्या हातात उरले होते छप्पन. डाऊनी आटोक्यात आली, पण फेब्रुवारीत प्रयोगशाळेत गेलेला नमुना नापास झाला. औषधाचा मालात उरलेला अंश मर्यादेच्या वर. कंटेनरसाठी राखलेला प्लॉट लोकलच्या व्यापाऱ्याला, तो म्हणेल त्या भावात द्यावा लागला.

ॲपवर तक्रार करायला गेलो, तर नियम असा की सेवा घेतल्यापासून ७२ तासांच्या आत तक्रार हवी. तारेही बदलता येईनात. त्या तज्ज्ञाच्या नावापुढे आमच्या घरून गेलेले पाच तारे आजही आहेत. मी चिडले होते, भाऊ नव्हता. तो म्हणाला, “ताई, माणूस बोलायला चांगला होता गं.” आणि ते खरंच होतं. त्याला विचारलंच होतं की बोलून कसं वाटलं.

हे वाचून कुणी म्हणेल, मग पैसे देऊन मोबाइलवर सल्ला घ्यायचाच कशाला? माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. सल्ल्याला पैसे मोजलेच पाहिजेत, आणि ते उघड मोजले पाहिजेत. आपल्याकडे सल्ला फुकट मिळावा अशी अपेक्षा असते, आणि फुकटच्या सल्ल्याइतका महाग सल्ला मी पाहिलेला नाही. कृषी सेवा केंद्रात तासभर उभं राहून बघा. शेतकरी सदऱ्याच्या खिशातून रोगट पान काढतो, काउंटरवर ठेवतो. दुकानदार पान न उचलता मागे वळतो आणि तीन बाटल्या मांडतो : एक बुरशीनाशक, एक टॉनिक, एक स्टिकर (औषध पानाला चिकटून राहावं म्हणून मिसळायचं द्रावण). सल्ल्याचे पैसे शून्य, बिल चार हजार दोनशे. टॉनिकची गरज होती का, हे विचारायचं कुणाला? सांगणारा आणि विकणारा एकच. सगळे दुकानदार लबाड असतात असं मी म्हणत नाही. आमच्या गावातल्या दुकानदाराने उधारीवर कित्येक बागा जगवल्या आहेत. पण त्याचं पोट सल्ल्यावर चालत नाही, बाटलीवर चालतं. त्यामुळे ‘या वेळी काहीच मारू नका’ हा अनेकदा सगळ्यात बरोबर असलेला सल्ला त्या काउंटरवरून सहसा मिळत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला, तेव्हा अनेक औषधं एकत्र कालवून मारण्याच्या सवयीचीही चर्चा झाली होती. ही मिश्रणं शेतकऱ्याने एकट्याने, स्वतःच्या मनाने ठरवलेली असतात, असं मला वाटत नाही.

गुंतवणुकीच्या क्षेत्राने हा धडा आपल्याआधी गिरवला. म्युच्युअल फंडात पैसे घालताना एजंटाचं कमिशन आपल्याच रकमेतून परस्पर कापलं जायचं. बाजार नियामक सेबीने ऑगस्ट २००९ पासून तो ‘एंट्री लोड’ बंद केला. २०१३ मध्ये एजंटाशिवाय थेट गुंतवणुकीचा मार्ग खुला झाला आणि त्याच वर्षी गुंतवणूक सल्लागारांसाठी नोंदणीचे नियम आले. २०२० च्या दुरुस्तीनंतर तर नोंदणीकृत सल्लागाराला एकाच ग्राहकाकडून सल्ल्याची फी आणि त्याच ग्राहकाला माल विकल्याचं कमिशन, असं दोन्ही घेता येत नाही. तत्त्व साधं आहे : सल्ला देणाऱ्याचे पैसे कुठून येतात, हे घेणाऱ्याला दिसलं पाहिजे.

त्यामुळे वर्गणी घेऊन शेतीसल्ला देणारी ॲप्स आली, तेव्हा मला मनापासून बरं वाटलं होतं. राहुरी, अकोला, परभणी, दापोलीहून शिकून बाहेर पडलेली किती तरी मुलं-मुली खत कंपनीत विक्री प्रतिनिधी म्हणून टार्गेटमागे धावतात. त्यांना आपल्या विद्येचेच पैसे मिळाले, तर आणखी काय हवं? पण यातल्या काही ॲप्सचं पुढे काय झालं, हे आम्ही बघितलं. वर्गणीतून खर्च निघेना, म्हणून सल्ल्याच्या खाली ‘आत्ताच मागवा’ असं बटण आलं. मग सल्ला फुकट झाला. म्हणजे मोबाइलमध्ये पुन्हा तेच काउंटर उभं राहिलं. याचा दोष फक्त ॲपवाल्यांना देऊन चालणार नाही. सल्ल्याचे पाचशे रुपये देताना घासाघीस करणारे आणि पाच हजारांची बाटली मुकाट्याने उचलणारे आपणच आहोत.

खरं तर पैसे घेऊन सल्ला ही गोष्ट द्राक्षपट्ट्याला मुळीच नवी नाही. नाशिक असो की तासगाव, तीस-चाळीस वर्षं इथे खासगी सल्लागार आहेत. लोक त्यांना ‘सर’ म्हणतात. एकरावर फी ठरते, हंगामभर व्हिजिट होतात. सर बागेत आले की आधी बोलत नाहीत, चालतात. चार ओळी सोडून पाचव्या ओळीत शिरतात. काडी वाकवून बघतात, पान चुरगाळून बघतात, ड्रीपरखालची माती मुठीत दाबतात. उन्हाळ्यातल्या खरड छाटणीनंतर पंचेचाळिसाव्या दिवसाच्या सुमारास पाचव्या पानाचा देठ तपासणीला पाठवायला सांगतात. ऑक्टोबरच्या तोंडावर काडी तपासून तिच्यावरच्या डोळ्यात, म्हणजे अंकुरात, घड आहे की नाही, हे सूक्ष्मदर्शकाखाली बघून घेतात, कारण छाटणी किती डोळ्यांवर घ्यायची हे त्यावर ठरतं. शेवटी कुणाच्या तरी वहीत शेड्यूल लिहून देतात. तारीख, औषध, प्रमाण, आणि खाली सही.

पण सरांच्या सल्ल्याला धार येते ती वेगळ्याच गोष्टीमुळे. सर येणार असले की आजूबाजूचे दहा-बारा बागायतदार त्या बागेत जमतात. त्यांच्यापैकी निम्म्यांनी गेल्या वर्षी याच सरांचं शेड्यूल वापरलेलं असतं. कुणाचा माल किती किलोने उतरला, कुणाचे मणी तडकले, कुणाचा नमुना नापास झाला, हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि सरांनाही ठाऊक असतं की यांना ते ठाऊक आहे. सरांबद्दलचं मत मार्चमध्ये ठरतं, माल निघाल्यावर. डिसेंबरात, फोन ठेवल्यावर नाही.

माझ्या मते सल्ल्याच्या ऑनलाइन बाजाराचा मूळ दोष इथेच आहे. हॉटेलचं जेवण, टॅक्सीची फेरी, कुरिअरचं पाकीट यांच्यासाठी बनवलेली मोजपट्टी त्यांनी सल्ल्याला लावली. भाजी खारट आहे, हे पहिल्या घासाला कळतं. सल्ल्याचं तसं नाही. ज्याला विषय कळत नाही तोच सल्ला विकत घेतो, मग तो बरोबर की चूक हे त्याला तिथल्या तिथे कळणार कसं? कित्येकदा नंतरही कळत नाही. अशा मालाचा स्वभावच वेगळा असतो, हे मायकेल डार्बी आणि एडी कार्नी या अर्थशास्त्रज्ञांनी १९७३ सालीच मांडलं होतं. त्यांनी दिलेल्या नावाला मराठीत मी ‘भरवशाचा माल’ म्हणेन. डॉक्टर, वकील, मोटार मेकॅनिक, सल्लागार हे सगळे तोच माल विकतात. अशा मालाला फोन ठेवता ठेवता तारे मागितले, तर मोजला जातो तो आवाजातला गोडवा. आणि ज्याला जास्त तारे त्याला जास्त गिऱ्हाईक, असा हिशेब असेल, तर तज्ज्ञही हळूहळू गोड बोलायलाच शिकणार. ‘पान बघून नक्की सांगता येत नाही, देठ तपासून घ्या’ असं खरं बोलणाऱ्याला तीन तारे पडतात, ‘घाबरू नका’ म्हणणाऱ्याला पाच.

भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन शेऱ्यांसाठी आयएस १९००० हे मानक आणलं. त्याचा रोख मुख्यतः बनावट, पैसे देऊन लिहून घेतलेल्या शेऱ्यांवर आहे. ते हवंच होतं. पण माझ्या भावाचे पाच तारे बनावट नव्हते, वेळेआधीचे होते. त्याच्यावर कुठलंच मानक नाही.

दुसरा दोष नावाचा. भावाच्या त्या कॉलच्या आठवडाभर आधी मी आईच्या थायरॉइडसाठी एका डॉक्टरांशी असंच मोबाइलवर बोलले होते. तेही पैसे भरून, तेही पंधरा मिनिटं. बोलणं संपल्यावर चिठ्ठी आली. तिच्यावर डॉक्टरांचं पूर्ण नाव, पदवी, वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक, आईची लक्षणं, औषध, डोस, पुन्हा कधी दाखवायचं, असं सगळं होतं. हा त्या ॲपचा चांगुलपणा नव्हता. २५ मार्च २०२० ला केंद्र सरकारने दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्यांनुसार डॉक्टरला यादीत घेण्याआधी त्याची नोंदणी तपासणं आणि नाव, पदवी, क्रमांक रुग्णाला दाखवणं ही त्या मंचाची जबाबदारी आहे. डॉक्टरांचीही टाळाटाळ चालत नाही, कारण पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगून ठेवलं आहे.

भावाच्या द्राक्षतज्ज्ञाचं मात्र एक पहिलं नाव होतं, एक हसरा फोटो होता आणि ‘१२ वर्षांचा अनुभव’ अशी एक ओळ. कशातला अनुभव, कुठला, ते नाही. कीटकनाशकाचं दुकान टाकायचं तर परवाना लागतो आणि त्यासाठी ठरावीक शिक्षण किंवा सरकारमान्य अभ्यासक्रमाचं प्रमाणपत्र दाखवावं लागतं. तीच बाटली कधी आणि किती मारायची, हे पैसे घेऊन हजारो एकरांना सांगायचं तर मात्र काहीही दाखवावं लागत नाही. मला हे फार धोक्याचं वाटतं.

आणि हा धोका आम्ही एकदा भोगला आहे. २०१० साली युरोपात आपली द्राक्षं अडकली ती क्लोरमेक्वाट क्लोराइडमुळे. आमच्याकडे त्याला लिहोसीन म्हणतात. वेलीची वाढ रोखून घडनिर्मिती चांगली व्हावी म्हणून ते वर्षानुवर्षं मारलं जात होतं. युरोपची मर्यादा होती किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम, आणि ती आमच्यापैकी कुणाला माहीतच नव्हती. कंटेनर अडकल्यावर आमच्या गावात लोक विचारू लागले, की हे मारायला सांगितलं कुणी? उत्तर मिळालं नाही, कारण कुठेच लिहिलेलं नव्हतं. आता पुण्याजवळच्या मांजरी इथलं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र औषधं, त्यांचं प्रमाण आणि काढणीपूर्व कालावधी यांची यादी देतं. गावात तिला ‘ॲनेक्शर फाइव्ह’ म्हणतात. त्या रात्री आम्हीही ती उघडून बघायला हवी होती. बाटलीच्या लेबलावरही ते छापलेलं होतं, मुंगीएवढ्या अक्षरांत. ही आमची चूक मी झाकत नाही.

पण दाद मागायची म्हटली तर? ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे. ७२ तासांची ओळ ॲपने स्वतःच्या सोयीसाठी लिहिली आहे, आणि ‘अन्यायकारक करार’ ही संकल्पना याच कायद्याने आणली. आता ग्राहकाला राहत्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही. शेतकरी व्यवसाय करतो म्हणून तो ग्राहक नाही, हा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली बियाण्यांच्या प्रकरणात फेटाळलेला आहे. सगळी दारं उघडी आहेत. फक्त आयोगासमोर ठेवायला आमच्याकडे कागद नाही. बोलणं हवेत झालं. त्याची ध्वनिफीत असलीच, तर ती ॲपकडे.

वकिलांच्या बाबतीत दुसरं टोक गाठलं गेलं. जुलै २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ऑनलाइन मंचांवरून वकिलांची जाहिरात आणि विक्री करण्यावर कडक ताशेरे ओढले आणि अशा वकिलांवर कारवाईसाठी पावलं उचलायला बार कौन्सिलला सांगितलं. वकिलीला तारे लावू नयेत, हे मला पटतं. पण दार पूर्ण बंद करणं पटत नाही. सातबाऱ्यावर नाव लागत नाही म्हणून तालुक्याला खेटे घालणाऱ्या बाईला घरबसल्या अर्धा तास नीट समजावून सांगणारं कुणी मिळत असेल, तर ते तिला मिळालं पाहिजे. तोंड बघून आणि ओळख काढून सल्ला मिळण्याच्या आपल्या पद्धतीत नेहमी तीच मागे राहते.

या बाजाराचा एक जुना प्रयोग मला आठवतो. २००२ मध्ये गूगलने ‘गूगल आन्सर्स’ सुरू केलं होतं. प्रश्न विचारणारा स्वतः किंमत लावायचा, दोन ते दोनशे डॉलर. निवडलेले संशोधक उत्तर द्यायचे आणि पाऊण हिस्सा त्यांना मिळायचा. २००६ च्या अखेरीस ते बंद झालं. पण त्यातल्या दोन गोष्टी मला अजून मोलाच्या वाटतात. उत्तर लेखी असायचं आणि सगळ्यांना दिसायचं. चूक झाली, तर खाली दुसरा कुणीतरी लिहायचा की हे चूक आहे. म्हणजे निफाडच्या बागेत सरांभोवती जमलेल्या त्या दहा-बारा जणांचंच काम तिथे अनोळखी लोक करत होते.

मला ॲपवाल्यांकडून एवढंच हवंय. कॉल सुरू होण्याआधी तज्ज्ञाच्या समोर छाटणीची तारीख, वाण, माल कुठे जाणार आणि मागच्या फवारण्या एवढं भरलेलं असू द्या, ते नसेल तर कॉल लावूच नका. कॉल संपला की सल्ला पूर्ण नावानिशी लेखी येऊ द्या. त्या तज्ज्ञाला कुठल्या कंपनीकडून पैसे मिळत असतील, तर ते त्याच कागदावर दिसू द्या, आणि जो सांगतो त्याने त्या शेतकऱ्याला विकू नये. तारे मार्चमध्ये मागा. शेतकऱ्याने छाटणीची तारीख दिलेलीच असते, तोडा कधी होणार हे यंत्राला सहज कळतं. तक्रारीची मुदतही पिकाएवढी ठेवा. आणि सरकारने कृषी विद्यापीठांमार्फत पीक सल्लागारांची नोंदणी सुरू करावी, म्हणजे ‘१२ वर्षांचा अनुभव’ या ओळीला आधार तरी असेल.

यावर एका तरुण कृषी पदवीधराने मला विचारलं, “३९९ रुपयांतले निम्मे माझ्या हातात येतात. एवढ्यात मी वीस लाखांच्या मालाची जबाबदारी घेऊ?” त्याचा प्रश्न रास्त आहे. पीक बिघडायला पाऊस कारण असतो, शेजारची सोडून दिलेली बाग कारण असते, शेतकऱ्याने प्रमाण वाढवून मारलेलं औषधही कारण असतं. पीक गेलं म्हणजे सल्ला चुकला, असं मी म्हणत नाही. मालाची हमी त्याने देऊ नये. पण विचारायला हवं होतं ते विचारलं, आणि जे सांगितलं ते असं असं होतं, एवढ्याची हमी त्याने द्यावी. तो कागद त्यालाही वाचवेल. उद्या शेतकऱ्याने छाटणीची तारीख चुकीची सांगितली, तर तेही त्याच कागदावर असेल. आणि ३९९ त एवढं होत नसेल तर ९९९ घ्या, पण लिहून द्या.

यंदा नोव्हेंबरात पुन्हा ढग आले. सर लागेनात. भावाने तेच ॲप उघडलं, कारण रात्री दहाला दुसरं कोण उचलणार? या वेळी त्याने वहीच समोर धरली. तज्ज्ञाने विचारण्याआधी छाटणीची तारीख सांगितली, एक्स्पोर्टचा प्लॉट आहे म्हणून सांगितलं, पंधरा दिवसांच्या फवारण्या वाचून दाखवल्या. समोरच्या मुलीने मन लावून ऐकलं, दोन प्रश्न उलटे विचारले, काढणीपूर्व दिवस मोजून औषध सांगितलं. चांगला सल्ला होता, पुढे तो लागूही पडला. बोलणं संपताना भाऊ म्हणाला, “मॅडम, एवढं मला मेसेजवर लिहून पाठवता का?”

ती क्षणभर थांबली. “दादा, मी सांगते, तुम्ही लिहून घ्या,” ती म्हणाली. “आम्हाला लिहून द्यायची परवानगी नाही.”